वीतभर फळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. कधी सांगायची वेळ आलीच तर मी बोलणं फळीकडे वळवायचो — ती कशी बनवली, झाडं कशाची होती, पाणी कशाचं. लोकांना ते ऐकायला आवडायचं. आज तुम्हाला खरं सांगायला बसलो आहे, आणि बघा, सुरुवात पुन्हा फळीपासूनच होते आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर भालकीत, स्टेशनच्या रस्त्याला. माझे थोरले भाऊ, अण्णा, रेल्वेत होते. रूळ तपासायच्या ट्रॉलीवरून ते कारंजा नदीच्या पुलाजवळ पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. मग एक अरुंद खोली, एक बाज आणि बाजेसमोरची भिंत, एवढंच त्यांच्या वाट्याला उरलं. गाडीची शिट्टी ऐकू यायची, गाडी दिसायची नाही.

त्यांच्यापाशी चावीची एक खेळण्यातली गाडी होती. इंजिन, दोन डबे, टिनाचे रूळ. लग्न झालं त्या वर्षी हैदराबादेहून हौसेनं आणलेली, पुढं मूल होईल म्हणून. मूल झालं नाही. मी ती पेटीतून काढली, भिंतीत खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक लांब फळी बसवली. रुंदी वीतभर. त्याहून जास्त ठेवली असती तर आईला ताट घेऊन बाजेपाशी जाता आलं नसतं.

एवढ्याशा रुंदीत गाडी गोल फिरत नाही. या टोकाला भालकी, त्या टोकाला बिदर — जायचं आणि परत यायचं. भालकीला अण्णा चावी द्यायचे, बिदरला मी गाडी धरायचो, चावी देऊन परत पाठवायचो. मी तेव्हा मॅट्रिकला दोनदा नापास होऊन घरी बसलो होतो. मला दुसरं काम काय होतं?

हळूहळू मी त्या फळीवर गाव उभं केलं. भिंतीवर चुन्यात नीळ कालवून आभाळ दिलं. दोडक्याची वाळलेली जाळी कातरून, हिरव्या रंगात बुडवून झाडं केली. फुटक्या आरशाचा तुकडा म्हणजे कारंजा नदी. बिदरच्या बाजूला लाल दगडाचा भुगा खळीत मळून डोंगर थापला. तो बघून अण्णा म्हणाले, "किसना, ह्यो डोंगर हाय का गवऱ्यांचा ढीग?" मी पुठ्ठ्याचा स्टेशन मास्तर केला, तो जरा वाकडा झाला. "आन् ह्याला कामून कुबड काढून उभा करायलास? बायको माहेराला गेली व्हय त्याची?"

बोलून गेले आणि इंजिनाची चावी फिरवू लागले. मी मास्तराचं कुबड सरळ करत बसलो.

घरं करताना मात्र अडचण आली. वीतभर फळीवर रूळ घातले की अख्ख्या घराला जागा कुठली? तेव्हा मी अर्धी घरं करायला शिकलो. फक्त समोरची भिंत — दार, खिडक्या, पुढं चार बोटांचा ओटा — आणि मागं काही नाही, सरळ भिंतीला चिकटवलेलं. दार उघडं दाखवायचं असेल तर आतल्या बाजूला काजळी फासायची, म्हणजे आत खोल अंधारी खोली आहे असं वाटतं. बाजेवरून बघणाऱ्याला ते घर पुरं दिसतं. मी या कामात फार तरबेज झालो. शेजारपाजारचे, स्टेशनवरचे लोक बघायला यायचे. "किसनाची रेल" म्हणायचे. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावानं कुणी काही म्हणत होतं.

आता वहिनींचं सांगायला हवं.

अण्णा पडले त्यानंतरच्या पंचमीला वहिनींचे वडील त्यांना माहेरी औरादला घेऊन गेले, ते परत पाठवलंच नाही. अण्णा पत्र लिहीत नव्हते. वहिनींना अक्षर येत नव्हतं, पत्र वडिलांनीच वाचलं असतं. शेवटी दुसरी पंचमी उलटल्यावर अण्णांनी मला जवळ बसवलं.

"औरादला जाऊन ये. तिला ओढून आणायचं न्हाई. यायली का, एवढंच इचार. तिच्या तोंडून ऐकून ये."

मी बरं म्हटलं. उठताना ते फळीकडे बघत म्हणाले, "ती आली की ही काढावी लागंल. तिची पेटी कुठं ठेवायची मग?" हसून म्हणाले. त्यांना त्यात काही जड वाटलं नव्हतं.

औरादला वहिनी मला स्वयंपाकघराच्या दारात भेटल्या. वडील ओसरीवर, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. मी विचारलं. त्यांनी क्षणभरही वाट पाहिली नाही.

"येते," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आत कशाला गेल्या? साखर आणायला. मूठभर साखर आणून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "त्यांना सांगा भावजी, वाटच बघायलेय म्हणावं. न्यायला या लवकर." ओसरीवरून वडील म्हणाले, "रीतसर न्यायला या, मग बघू." त्यात नकार नव्हता. सासरी आपणहून कुणी जात नसे, एवढंच ते सांगत होते. साखर मी तिथंच खाल्ली.

परत येताना, बिदरला गाडीत बसल्यावर, मी खिडकीतून काय बघत होतो, सांगू? लाल दगडाचे कापलेले कडे. आपला डोंगर कुठं चुकलाय ते बघत होतो. आणि मनात एकच — हे सगळं उतरवायचं? खुंट्या काढायच्या? मग मी कोण?

मी घरात शिरलो तेव्हा अण्णांच्या हातात इंजिन होतं.

"काय म्हणली?"

"'येते' म्हणल्या आन् आत गेल्या."

शब्दन् शब्द खरा होता. पण आपल्याकडं निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. कायमची निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणते आणि पाठ फिरवते. अण्णांनी ते तसंच ऐकलं. ते तसंच ऐकतील हे मला ठाऊक होतं — गाडीतच ठाऊक होतं. समोरची भिंत मी दाखवली, मागचं त्यांनी धरून घेतलं.

"अजून काय?" त्यांनी विचारलं.

"अजून काही न्हाई."

त्यांनी चावी दिली. गाडी बिदरपर्यंत आली. मी धरली, परत पाठवली.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं. दुसरा दिवस होता. त्यानंतरही कितीतरी होते. अण्णा रागावले असते, आणि मग खुंट्या काढल्या असत्या. मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज नवं झाड लावायचो.

एकदा अण्णा म्हणाले, त्या टोकाला, बिदरच्याही पुढं एक घर कर. औरादला रूळ जात नाहीत हे त्यांना ठाऊकच होतं. मी केलं. दार लावलेलं होतं. "उघडं ठिव," म्हणाले. मी दार कापलं, आत काजळी फासली.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले.

निरोप मिळाल्यावर वहिनी वडिलांबरोबर आल्या. बाज रिकामी होती, तिच्यासमोर जमिनीवर बसून त्या बराच वेळ फळी बघत होत्या. त्या शेवटच्या घराला बोट लावून आईला विचारलं, हे कुणाचं? आई म्हणाली, "तुझंच की. औरादचं म्हणायचा. दार उघडं ठिव म्हणून ह्याच्या मागं लागला." वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी फळीवरची धूळ पुसू लागलो.

मग रझाकारांची धामधूम आली. आम्ही बार्शीकडं निघून गेलो. निजामाचं राज्य संपल्यावर परतलो, तोवर घरात राहून गेलेल्यांनी फळी चुलीत घातली होती. भिंतीवर वीतभर निळं आभाळ राहिलं होतं, खाली खुंट्यांची भोकं.

त्याच हिवाळ्यात मी औरादला गेलो. सांगायलाच गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. वहिनींनी चहा केला. आईची चौकशी केली. मग पदर सारखा करत, अगदी सहज विचारलं, "भावजी, माझा निरोप ऐकून ते काय म्हणाले होते?"

त्यांना राग नव्हता. इतकी वर्षं त्यांनी एवढीच एक गोष्ट स्वतःशी उलटसुलट केली असणार — मी येते म्हटलं, आणि न्यायला कुणी आलं नाही. म्हणजे नको म्हणाले असतील. की काही म्हणाले असतील?

मला एवढंच सांगायचं होतं, की त्यांनी तुम्हाला नको म्हटलं नाही. तुमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तो मी खाल्ला, साखरेसकट. मला क्षमा करा, हेही म्हणायचं होतं.

चहाचा कप माझ्या हातात होता. तो खाली ठेवला. उठलो. दारापर्यंत गेलो, वळलो, तोंड उघडलं.

"येतो, वहिनी," मी म्हणालो.

"या," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी औरादला गेलो नाही.