रविवारचा पाऊस

तिच्याबद्दल मला खरं म्हणजे फारसं माहीत नाही. तिला किती भावंडं होती, तेही ती वारल्यावर कळलं. तिच्या थोरल्या बहिणीने चार ओळी लिहून मागितल्या म्हणून बसलोय. लिहिण्याचा आणि माझा संबंध वहीतल्या आकड्यांपुरताच.

मी पाण्याच्या टाकीवर पाऊस मोजायचो. ती खालच्या आरोग्य कार्यालयात होती. पाऊस, ऊन, दमटपणा आणि कुठे किती माणसं राहतात ते जुळवून, पुढच्या तीन आठवड्यांत डेंग्यू कुठे वाढेल याचा नकाशा तिला दर गुरुवारी द्यावा लागे. लाल भाग धोक्याचा, हिरवा निर्धास्त. डासांच्या अळ्या शोधणारी पथकं दोनच. ती पथकं फक्त लाल भागात जात. आम्ही तिला नकाशावाली म्हणायचो. बूड टेकून बसणं तिला ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा उभ्यानेच, तोही अर्धा.

त्या वर्षी टाकीमागची वस्ती सारखी हिरवी येत होती आणि तिला ते पटेना. जुन्या गणनेत तिथे अकराशे माणसं. ही दारोदार हिंडली, तर तेवीसशे निघाली आणि दारादारांत पाण्याची पिंपं. आकडा बदलला, तरी वस्ती हिरवीच. मग ती धापा टाकत जिना चढून माझ्याकडे आली आणि माझी वही चाळू लागली.

"काका, तुमच्या पावसाला रविवारची सुट्टी असते का हो?"

 रविवारी मी येत नसे. दोन दिवसांचं पाणी सोमवारी एकदम मोजायचो आणि सोमवारच्या नावावर लिहायचो. नऊ वर्षं.

"त्याने काय बिघडतं?" मी चाचरत विचारलं.

"थोडा थोडा पडला की पिंपात पाणी साचतं, अळ्या होतात. एकदम कोसळला की त्या वाहून जातात. तुम्ही माझ्या रिमझिमीची मुसळधार केलीत की!"

तिने नकाशा पुन्हा काढला. वस्ती लालभडक. ती तिच्या साहेबांकडे गेली तेव्हा वही घेऊन मी दारातच उभा होतो.

"काल हिरवा, आज लाल. बाई, हा नकाशा आहे का सरडा?"

"सरडा म्हणा. पण बाजारपेठेतलं एक पथक आजच वस्तीत पाठवा."

"आणि बाजारपेठेत ताप आला तर?"

"तर मला शिव्या घाला."

माझं नाव तिने घेतलं नाही. मी वही पाठीमागे लपवली.

पथकाला वस्तीत साठ पिंपांत अळ्या सापडल्या. त्या हंगामात वस्तीत चौघे आजारी पडले, बाजारपेठेत अकरा. सगळे बरे झाले. साहेब म्हणाले, "वस्तीत काही झालंच नाही, उगाच पळवलंत." जे टळलं ते दाखवायचं कसं? ती मात्र त्या अकरा जणांच्या घरी रोज जाऊन यायची.

"काका, चुकलं का हो माझं?"

चूक माझी होती, एवढं म्हणायचं होतं. "जिना जपून उतरा," एवढंच म्हणालो.

पुढे तिची बदली झाली. निघायच्या दिवशी, सोमवारी, गाडी खाली थांबवून ती वर आली.

"काल किती पडला?"

"तीन मिलिमीटर."

"काल रविवार होता, काका."

"हो. आलो होतो."

"छत्री घेत जा. सर्दी होईल."

"घेतो."