घाटात मागे बसताना

हलकी गाडी हँडलने वळते आणि जड गाडी अंगाने, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं. नवऱ्याची मोटारसायकल म्हणजे म्हैस होती नुसती. एकदा वळणात कलली की कललेलीच राहायची, मधेच मन बदलायची सोय नाही. आणि मागचा माणूस घाबरून ताठ बसला की तीही सरळ व्हायला बघायची आणि वळण सोडून बाहेर जायची. "पोत्यासारखी बसू नकोस," ते म्हणायचे. "गाडीबरोबर झुक."

माहेरी मी सायकलच्या कॅरिअरवरही कधी बसले नव्हते, पण शिकले. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्यांकडे कानाडोळा केला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागले. मग मात्र मजा यायला लागली. त्र्यंबकच्या रस्त्याला वळण दिसलं की माझं अंग आपसूक तिकडे जायचं, कधी कधी त्यांच्याही आधी. ते खूश व्हायचे. बायको तयार केली म्हणून मित्रांना सांगायचे, जसं काही मी आंब्याचं लोणचं होते.

मुलगी दुसरीत होती त्या वर्षी, चैत्रातली गर्दी ओसरल्यावर, आम्ही दोघं गडावर देवीची ओटी भरायला गेलो. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं. ओटी भरायची म्हणजे साडी आलीच, आणि साडी म्हणजे एका बाजूला पाय सोडून बसणं आलं. चढताना पुढे एसटी होती. एरवी एसटीच्या धुराला शिव्या घालणारा माणूस वरपर्यंत निमूट तिच्या मागे राहिला. मला वाटलं, देवीला चाललोय म्हणून शहाणपणा सुचलाय.

उतरताना पुढे कुणी नव्हतं. मांडीवर प्रसादाची पिशवी, तोंड डावीकडे, दरीकडे. खालची शेतं उन्हात स्वच्छ दिसत होती आणि मी आपली त्यांच्याकडे बघत बसले होते. उजवं वळण आलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली. कठडा माझ्या पायांवर चालून आला तेव्हा मला कळलं. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक खडीवर घसरलं, गाडी डावीकडे आडवी व्हायला लागली आणि मी कशी कोण जाणे पायांवर उतरले. नारळ गडगडत कठड्याला जाऊन थटला. दोघांनी मिळून गाडी कशीबशी उभी केली.

मी साडी झटकत होते. तर हे मलाच म्हणाले, "तू झुकली का नाहीस?"

"गाडी तुम्ही चालवत होतात का मी?" मी ओरडलेच.

ते कठड्यावर बसले. खाली बघत म्हणाले, "तू झुकलीस की मला कळतं गं, वळण कुठे आहे ते."

मला वाटलं, थट्टा. यांना भलत्या वेळी थट्टा करायची सवय आहे. मग त्यांचा चेहरा बघितला, थट्टा नव्हती. ते बोलत गेले. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. कडेचं काही दिसत नाही. वळण आलं की रस्ता एकदम संपतो. वर्षभर असं चाललंय. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण त्यांची द्राक्षांच्या औषधांची फिरतीची नोकरी होती. डोळ्यांचं नाव निघालं की फिरती गेली, आणि फिरती गेली की नोकरी गेली.

मी ऐकत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. सिन्नरला माझं माहेर. तिथून परत येताना कितीदा मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकून डोळे मिटले होते. हा माणूस माझ्या अंगाच्या भरवशावर गाडी हाकत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. राग, भीती, कीव, सगळं एकदम आलं.

"कामासाठी मालेगावला एकटे जाता तेव्हा?" शेवटी मी विचारलं.

"एसटीच्या मागे राहतो. ती वळली की वळतो."

"आणि पोरीला शाळेत सोडता तेव्हा?"

ते उठले, नारळ उचलून आणला, त्याची धूळ पुसली. "तिला शिकवलंय ना मी," म्हणाले. "तुझ्यापेक्षा छान झुकते ती."

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी तिथेच रस्त्यावर खाली बसले. शाळेच्या वाटेवर किती चौक लागतात, ते डोळ्यांसमोरून जायला लागले. प्रत्येक चौकात एक म्हैस, वळण न दिसणारा एक बाप आणि मागे माझी वेणी घातलेली पोर.

गाडी तिथेच ठेवून आम्ही जीपने खाली आलो. दोन दिवसांनी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जे गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळा म्हणाले.

मुलीला शाळेत सोडायला मी रिक्षा लावली. पहिल्या दिवशी मीही बरोबर बसले. पहिला चौक यायच्या आधीच तिने दप्तर घट्ट धरलं, अंग उजवीकडे टाकलं आणि रिक्षा वळेपर्यंत तशीच राहिली. पुढच्या चौकात डावीकडे.

"अगं, नीट बस," मी म्हटलं. "रिक्षात झुकायचं नसतं."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मला काहीच कसं माहीत नाही, असा चेहरा होता तिचा.

"मग काकांना कसं कळणार, कुठे वळायचं ते?"