एक वीत कमी

तरुणपणी मी जी जी गाढवपणं केली त्यातलं सगळ्यात वरचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझ्या धाकट्या दिरानं, मनोहर भाऊजींनी, मासे धरायची काठी बनवायला कलकत्त्याहून फायबरची कोरी कांब मागवली होती. ती मी मच्छरदाणीला बांधली. दोन तुकडे होते, पिवळट, पोकळ. एक जाड, आणि दुसरा वर जाता जाता उदबत्तीएवढा बारीक. जाळी टांगली की हा बारीक तुकडा लवायचा आणि मच्छरदाणी माझ्या नाकावर यायची. मग घरातल्या अतिशहाण्या थोरल्या सूनबाईंनी, म्हणजे मीच, दिराचीच करवत घेतली आणि लवणारा शेंडा वीतभर उडवला. वर सासूबाईंना कौतुकानं दाखवलं, "पाहा आई, आता कशी ताठ झाली!" जी वस्तू लवण्यासाठीच बनली होती ती ताठ केल्याचा केवढा तो अभिमान... आज आठवलं की त्या सूनबाईचा कान पिळावासा वाटतो.

मागच्या महिन्यात भाऊजी गेले. सकाळी कमलनं, माझ्या जावेनं, मधल्या दारातून हाक मारली, "ताई, हे उठून नाही राह्यले." तेवढंच. आमची दोन बिऱ्हाडं आदिलाबादच्या एकाच घरात, मध्ये एक दार, त्याला कधी कडी नाही. मी गेले, पाहिलं, रडले. पण खरं सांगू? त्या तेरा दिवसांत मला रडण्यापेक्षा रागच जास्त आला आणि तो अजून उतरलेला नाही. हे मी रागातच लिहिते आहे. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी कृपा करून त्यात साखर घालू नये.

रागाचं कारण शोकसभा. भाऊजींच्या जुन्या तहसील दफ्तरातली मंडळी जमली, हार घातला, आणि एक रिटायर साहेब उठून म्हणाले, "मनोहरराव म्हणजे सीधा आदमी. कसला म्हणून नाद नाही. बसवलं तिथे बसले, पाठवलं तिथे गेले." सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊजींचा मुलगा अविनाश हैदराबादहून आला होता, त्यानं हलवली. आणि माझ्या शेजारी बसलेल्या कमलनंही हलवली! मी तिच्या मांडीला असा चिमटा काढला की दुसरी असती तर ओरडली असती. तिनं पदर सारखा केला आणि बसून राहिली.

नाद नाही म्हणे! माणसाला जाळून आठ दिवस झाले नाहीत तर त्याचा जीव जिथे होता तेवढाच भाग पुसून टाकायचा, आणि वर त्याला स्तुती म्हणायचं!

पाठवलं तिथे गेले, हे मात्र खरं. सरकारनं तालुके मोडून त्यांची लहान लहान मंडलं केली तेव्हा तहसीलीतली माणसं पत्त्यांसारखी पिसून वाटली, आणि भाऊजींच्या वाट्याला बेज्जूर आलं. जंगलातली बदली म्हणजे सजाच, असं सगळे म्हणत. सासूबाई तर देवापुढे बसून रडल्या. भाऊजी रडतच गेले आणि दोन महिन्यांनी परत आले ते उन्हानं काळे होऊन, शीळ वाजवत. तिथे त्यांना प्राणहिता भेटली होती. मंचेरियलच्या कोळसाखाणीतले एक बंगाली इंजिनियर सुटीत गळ टाकायला नदीवर यायचे, त्यांनी यांना ही विद्या शिकवली. आमिष नाही, गांडूळ नाही. पिसांची खोटी माशी करायची, लवचीक काठीनं दोर हवेत मागेपुढे झुलवायचा आणि ती माशी पाण्यावर अलगद ठेवायची. तयार काठी परवडणारी नव्हती, म्हणून त्या इंजिनियरांनी सगळ्यात स्वस्तातली कांब मागवून दिली. बाकीचं भाऊजींनी स्वतः करायचं होतं.

आणि आमचं घर कसं, तर चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर! त्या घरात एका शनिवारी सासूबाईंना भाऊजींच्या पिशवीत कोंबड्याची पिसं सापडली. मग जे रामायण झालं ते विचारू नका. "मनोहर, तू कोंबडी खाऊन राह्यला का रे तिकडे?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "नाही आई, पिसंच आणली. कोंबडा जित्ता हाय, बाजारात हिंडून राह्यला."

मी कांब कापली त्याच आठवड्यात ते आले. मच्छरदाणी पाहिली, दांडी सोडवली, कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला. मी खांबामागे. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते म्हणाले, "वयनी, शिक्षा म्हणून आता काठी तुमी फिरवायची."

ती शिक्षा मी दोन सुट्या भोगली. आधी त्यांनी तुकडे जोडून कांब जमिनीला टेकवली आणि वाकवून बोटांत गोल फिरवली. एका जागी ती आपसूक उडी मारून वळली. "हा तिचा कणा. आता कड्या या रेघेवर." दोर ओवायच्या या कड्या केल्या होत्या मोडक्या छत्रीच्या तारेच्या. मूठ म्हणून कंपाउंडरकडून आणलेली बाटल्यांची बुचं, मधून भोकं पाडून ओवलेली, सरसानं चिकटवलेली, कानशीनं घासलेली. मग कड्या काठीला बांधायला रेशमाचा दोरा, माझ्याच भरतकामाच्या डब्यातला. तो ताणलेला राहावा म्हणून महसुलाच्या एका जाडजूड कायद्याच्या पुस्तकात दाबून ठेवायचा, मी काठी फिरवायची, ते वेढ्याला वेढा भिडवत जायचे. त्या पुस्तकाचा इतका चांगला उपयोग दफ्तरात कोणी केला नसेल. मी बडबडीच्या नादात भरभर फिरवायची, वेढे एकमेकांवर चढायचे, भाऊजी "उलटं... उलटं" म्हणायचे. कमल आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. तिला हे सगळं आवडत नाही असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

एकदा मी काठी चालताना पाहिली. प्राणहितेच्या काठी. नेमकं कुठे ते सांगत नाही, का ते पुढे कळेल. आखूड झाल्यामुळे ती जराशी हट्टी झाली होती, म्हणून भाऊजींनी हाताची ढब बदलून घेतली होती, खांद्यापासून हळू. दोर मागे गेला, सरळ झाला, पुढे आला... दफ्तरात खाली मान घालून बसणारा हा माणूस तिथे केवढा उंच दिसत होता! मासा लागला, चांदीसारखा. त्यांनी हात ओला केला, गळ काढला आणि सोडून दिला.

"सोडायचाच असन तं धरता काऊन?" मी विचारलं.

"भेटाले, वयनी."

पुढे जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. बेज्जूर एकीकडे, मंचेरियल दुसरीकडे, आम्ही तिसरीकडे. चौकात माणसं भांडत होती, कोणाला काय मिळालं म्हणून. भाऊजी तोवर रिटायर झाले होते. ते म्हणाले, "नदीले कोणी सांगतलं का?" आणि रविवारची बस धरली. गुडघ्यांनी साथ सोडली तोपर्यंत जात होते. या माणसाला नाद नव्हता!

तेराव्यानंतर मी मधल्या दारातून गेले तर अविनाशनं घर साफ करायला काढलेलं. काठीच्या शेंड्याला सुतळीनं खराटा बांधला होता आणि छताची जाळी काढणं चाललं होतं. पहिल्यांदा मच्छर, आता कोळी!

"खाली ठेव ते."

"मोठी आई, जुनी काठी तर आहे. चार लोकांत बाबांचं हे मासे वगैरे निघालं नाही तेच बरं झालं."

"तुझ्या बापानं आयुष्यात एकच गोष्ट सोताच्या मर्जीनं केली, अन् तुले तिचीच लाज वाटून राह्यली? सोड!" मी सुतळी दातांनी तोडली. या वयात दात शाबूत असल्याचा तेवढाच उपयोग. काठी घेऊन माझ्या खोलीत आले. आता ती माझ्या पलंगाशी उभी असते. मच्छरदाणी खिळ्यांना बांधते.

संध्याकाळी कमल आली तेव्हा सगळा राग तिच्यावर काढला. "तुले तं माहीत होतं! तू काऊन मान हलवली? मी लिहिणार हाये पेपरात, साऱ्याइचे डोळे उघडतीन!"

तिनं कनवटीतून एक काडी काढून माझ्यापुढे धरली. परकराला नाडा ओवायची तिची काडी, मी हजारदा पाहिलेली, दोनदा मागूनही नेलेली. पिवळट, वीतभर. जाड टोकाला बारीक भोक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी ती काठीच्या शेंड्याला लावून पाहिली. बरोबर बसली.

मग कमल म्हणाली, "लिहा ना ताई, खुशाल लिहा. साऱ्याइनं त्याइले वाटून घेतलं, दफ्तरानं घेतलं, पोरानं घेतलं, तुमी पेपरात घ्या. फकस्त ती नदीवरची जागा लिहू नका. ती आमची दोघाइची हाय."