आमची मतं आणि साहेबांची शाल

निवडणूक म्हटली की माझ्या अंगात येतं. सोसायटीचं पॅनल उभं करणं, रुसलेल्याला गाडीवर बसवून आणणं, समोरच्याला अर्ज मागे घ्यायला लावून सगळं अविरोध करून टाकणं, यात मला पाटवडीच्या रश्श्याहून जास्त चव लागते. म्हणून बोरी अरबचा माझा साळा एकदा म्हणाला, "भाऊजी, मोबाइलवर इलेक्शन लागलं," तेव्हा मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

साळ्याच्या वावराचा एक तुकडा रस्त्यात गेला होता. मोबदल्याचे पैसे त्यानं एका क्रिप्टो प्रकल्पात टाकले. तिथे बँक नाही, मॅनेजर नाही. लोक एकमेकांना कर्ज देतात, हिशेब संगणक ठेवतो आणि कारभार टोकनं, म्हणजे प्रकल्पाचे शेअरसारखे हिस्से, घेणारे मत देऊन ठरवतात. जितकी टोकनं, तितकी मतं. मात्र टोकनं ठरलेल्या मुदतीपर्यंत काढता येत नाहीत. साळ्याची मुदत संपत आली होती. त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेलं वावर विकायला निघालं होतं आणि मालक त्याच्यासाठी दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. तेवढ्यात प्रकल्पात ठराव आला: अडकलेली टोकनं आणखी दोन वर्षं सोडायची नाहीत.

"पाडू!" मी मांडी थोपटून म्हणालो.

दारव्हा-यवतमाळकडचे असे टोकनवाले मी शोधून काढले. एकेकाची मतं चिमूटभर, आणि चर्चा सगळी इंग्रजीत. पण टोकनं आपल्याकडेच ठेवून नुसतं मत दुसऱ्याच्या हवाली करायची सोय होती. मग मी आपलं जुनंच शास्त्र लावलं: एक नाव, एक गठ्ठा, फाटाफूट नाही. नाव ठरलं यवतमाळच्या एका निवृत्त साहेबांचं. कडक इस्त्री, कोर्टाच्या निकालासारखी इंग्रजी, आणि टोकनं त्यांचीही.

साळा कुरकुरला. "भाऊजी, या साहेबायचं कोनतं वावर अडकून राह्यलं? यायले कायची घाई?"

"अबे, साहेबानं 'नाही' म्हनाचा शब्द देल्ला न! तू एकटा काहून फुटतं?"

त्यानं मुकाट्यानं मत सोपवलं.

या कारभारात कोणाचं मत कुठे पडलं ते सगळ्यांना दिसतं. मतदान चालू असतानाच साळ्याला दिसलं. आमचा अख्खा गठ्ठा ठरावाच्या बाजूनं! मी फोन लावला.

"सर, हे काय झालं?"

"मी व्यापक हित पाहिलं," साहेब शांतपणे म्हणाले. "प्रकल्प टिकला तर तुम्ही टिकाल."

आम्ही धावपळ करून मतं परत घेतली. पण मतदान सुरू झालं त्या दिवशी मत ज्याच्या हवाली, त्याचंच ते मोजतात. परत घेतलेली मतं पुढच्या ठरावाला चालणार होती. ठराव पास झाला. पाठोपाठ साहेब प्रकल्पाच्या सल्लागार मंडळावर गेले. आपल्या जिल्ह्याचा माणूस परदेशी मंडळावर, म्हणून यवतमाळात सत्कार ठरला आणि सूत्रसंचालनाला अर्थातच मी!

मी गेलो. जॅकेट घालून गेलो. साहेबांची अशी आरती ओवाळली की ते खुर्चीत वीतभर वर सरकले. शाल-श्रीफळ झालं, आणि मग मी पत्रिकेत नसलेलं एक नाव पुकारलं. साळ्याचं.

तो माइकजवळ आला. भाषण बिषण नाही.

"साहेब, आमी तुमाले 'नाही' म्हनाले धाडलं होतं. तुमी 'हो' काहून म्हनले?"

साहेबांनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"उत्तम प्रश्न. आपण चहापानानंतर सविस्तर बोलू."

लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. चहापानानंतर साहेबांची गाडी निघून गेली होती. साळा रिकामा कप हातात धरून फाटकाशी उभा होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "चला भाऊजी, बस निघून जाईन."

दिवाळी झाली. मालकानं ते वावर एका व्यापाऱ्याला दिलं. व्यापाऱ्यानं साळ्याच्या धुऱ्यावरून तारेचं कुंपण घातलं.

साळा माझ्याशी बोलतो, सणाला बोलावतो, ताटात आग्रहानं वाढतो. पूर्वी त्याच्या घरी बैल घ्यायचा तरी मला विचारून घेत. परवा बायको म्हणाली, भाचीची, म्हणजे साळ्याच्या पोरीची, सोयरीक झाली, साखरपुडा येत्या रविवारी आहे. तारीख, पोरगा, देणंघेणं, सगळं ठरलं होतं. मला फक्त जेवायला बोलावलं होतं.