मनोऱ्याला शिवून यायची परीक्षा

खडकाळीच्या धरणावर मायाबाईंचा जीव. पस्तीस वर्षांपूर्वी तिथे बायका जायच्या त्या धुणी घेऊन, पोहणं पुरुषांचं. नवी सून माया सासूच्या डोळ्यांदेखत पाठीला वाळका भोपळा बांधून पाण्यात उतरली, तेव्हा घाटावर सगळ्यांनी बोटं तोंडात घातली. पुढे रविवारच्या सहली सुरू झाल्या, मग तर्री-पोह्यांच्या गाड्या आल्या, आता फोटो काढायला रंगीत कट्टाही झालाय. एवढ्या काळात मायाबाईंनी तीनशेवर बाया पोहायला शिकवल्या आणि हा आकडा त्या न विचारता सांगतात. गर्वाचं घर खाली म्हणतात खरं, पण मायाबाईंचं अजून तरंगतंय.

या उन्हाळ्यात देखभाल समितीने फर्मान काढलं: परीक्षा दिल्याशिवाय कुणी शिकवायचं नाही. धरणातल्या मनोऱ्याला शिवून परत यायचं. बासष्टाव्या वर्षी मायाबाई नापास झाल्या, तर बायकांचा सकाळचा वर्ग कायमचा बंद. परीक्षक होता रजत, शहरातल्या तरणतलावावर तयार झालेला, पदकं मिळवलेला.

मायाबाई उतरल्या त्या भिंतीच्या कडेकडेने निघाल्या.

"मावशी, मनोरा समोर आहे! तिकडं कुठं चालल्या?" रजत काठावरून ओरडला.

"काहून ओरडून राहिला गा? मनोरा काय पळून चालला?"

रजतने कागदावर 'दिशा चुकली' असं लिहिलं आणि बाई दमतील या काळजीने स्वतःच उडी घेतली. नाकासमोर निघाला आणि अर्ध्यावर अडकला. मे महिन्यात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे खुंट वर येतात, त्यांना गवताचा विळखा असतो. म्हणून तर इथले पोहणारे वळसा घालून जातात. रजत पाय झाडत गेला तसा विळखा घट्टच झाला.

मनोऱ्याला हात लावून मायाबाई वळल्या, तर पोरगा गटांगळ्या खात होता. त्या त्याच्या पाठीमागून जवळ आल्या.

"पाय झाडू नको! उताणा हो, आभाळाकडं पाहा!"

एका हाताने त्यांनी त्याची हनुवटी वर धरली, दुसऱ्याने गवत तोडलं. मग त्याला तसाच उताणा ओढत काठाला आणलं.

काठावर बसून धापा टाकत रजत म्हणाला, "मावशी, तुम्ही पास."

"ते मले माहीत आहे," मायाबाई केस पिळत म्हणाल्या. "उद्या सकाळी सहाले ये. तुले पोहणं येते, धरण नाही येत."

रजत पावणेसहालाच हजर होता.