हळदीच्या तंबूत हिमाचल

मागच्या मे महिन्यात आम्ही चौघं जण हिमाचलात जाऊन आधी पिवळे झालो आणि मग लाल. एवढं होऊनही आम्ही लॉजवर गेलो नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. कारण आमच्या भावकीत या प्रवासाची भलतीच गोष्ट फिरते आहे आणि ती माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे दिगंबर भाऊजींनी फिरवली आहे. (त्यांना दुसरं काम नाही.)

भांडणाचं मूळ होतं जीपची चावी. वसमतजवळच्या आमच्या गावात दोन्ही भावांचं घर एक, हळदीचं रान एक आणि जीपही एकच. चावी मात्र कायम भाऊजींच्या खिशात. मला गाडी उत्तम चालवता येते. (शिकताना गोठ्याची भिंत पडली, पण ती तशीही पडायलाच आली होती.) तरी बाजाराला जायचं तर "भाऊजी, चावी देता का?" करत त्यांच्या मागं फिरायचं! गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, एकाएकी दम लागला. भाऊजी त्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीतून नांदेडला लग्नाला गेलेले, आणि चावी त्यांच्या खिशात! जीप अंगणात उभी, मी जीपशेजारी उभी, आणि आत्याबाईंना दवाखान्यात नेलं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर. तेव्हापासून मला ती चावी हवी होती. हवी म्हणजे हवीच!

संधी आणून दिली लेकीनं. आमची राणी परभणीला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली आणि फोनवर दाखवायला लागली: बर्फाचे डोंगर, खाली नदी, नदीकाठी टिकलीएवढा तंबू.

"मम्मी, उन्हाळ्यात लोक असे राहतात. कॅम्पिंग म्हणतात याला."

मालकांनी (म्हणजे माझ्या नवऱ्यानं) फोन डोळ्यांपाशी नेला. "ही तर जागल हाय! आमी रानडुकरांपायी रातभर शेतात पडतो ते काय हाय मंग? त्याच्यासाठी एवढ्या लांब कोन जाऊन राहिलं?"

"मी जाऊन राहिले," मी म्हटलं. "जीप घेऊन. सोता चालवत."

भाऊजी इतके हसले की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. "वहिनी, तुमी वाशिमच्या पुढं जात न्हाई. अन् गेल्या तरी तंबूत टिकत न्हाई. पयल्या गारठ्यात लॉज गाठता का न्हाई बघा!"

"लॉजची पायरी चढले तर चावी जन्मभर तुमची."

"अन् न्हाई चढल्या तर?"

"तर माझी. लागली तर तुमी मागायला यायचं."

"साक्षीला कोन?"

"मी जाते," कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या. "मला बी बरफ पाह्याचा हाय."

तंबू विकत घ्यावा, असं राणीचं म्हणणं पडलं. मी उडवून लावलं. ज्या घरात कापडी ताडपत्र्यांची चळत लागलेली, त्या घरानं तंबू विकत आणायचा? वसमतला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या माणसाकडं दोन चांगल्या दणकट ताडपत्र्या नेऊन टाकल्या. त्यानं हात लावून बघितला, मग स्वतःचा हात बघितला.

"ताई, धुतल्या का ह्या?"

"झटकल्या की!"

आता या ताडपत्र्या वर्षानुवर्षं हळद पॉलिश करायच्या ढोलाखाली अंथरलेल्या असतात. ढोल फिरतो, हळकुंडं घासली जातात आणि सगळी भुकटी खाली बसते. पण हळदीच्या घरातल्या माणसाला पिवळा रंग दिसत नाही, हे त्या शिंप्याला कोण सांगणार! आम्हाला तो तंबू मातकट वाटत होता. छान मातकट.

जाताना सगळी गाडी मी चालवली. मालक शेजारच्या सीटवर बसून पायानं ब्रेक दाबत होते (त्यांच्या बाजूला ब्रेक नाही). वाटेत ढाब्यांच्या बाजांवर झोपलो, कारण बाज म्हणजे लॉज नव्हे, असा निवाडा आत्याबाईंनी दिला होता. घाट लागल्यावर मालकांनी प्रत्येक वळणाला हात जोडायला सुरुवात केली. वळणं संपेनात, तेव्हा हात जोडूनच बसले.

शेवटी देवदाराच्या जंगलात नदीकाठचं ते मैदान आलं. दिल्लीकडच्या लोकांचे निळे-केशरी तंबू ओळीनं लागलेले. आम्ही आमचा उघडला. एक दोर देवदाराला, एक जीपच्या बंपरला, बाकीचे मालकांनी धरले. कॅम्पवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"ये क्या है, आंटी?"

"टेंट है."

"किसी की शादी है क्या?"

असल्यांना उत्तर द्यायचं नसतं! संध्याकाळी पावसाची झिमझिम सुरू झाली आणि शिवणीतून थेंब थेंब आत गळायला लागलं. पण घाटानं सगळे इतके दमले होते की गोधड्या अंगावर ओढून आम्ही मेल्यासारखे झोपलो.

सकाळी उठून आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही! आत्याबाईंनी तर "आज तुझा चेहरा ताजा दिसून राहिला" असंही मला म्हटलं. आम्ही ऐटीत चहाच्या टपरीवर गेलो. तिथं एका दिल्लीच्या बाईनं आमच्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवून आधी आपल्या लेकराला मागं ओढलं.

"पीलिया!" ती ओरडली. "पूरी फॅमिली को पीलिया है!"

कावीळ म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच: पाणी कोणतं प्यायलं? आम्ही सरळ मनानं झऱ्याकडं बोट दाखवलं. सगळ्या कॅम्पनं त्याच झऱ्याचं पाणी प्यालेलं! मग जी पळापळ झाली ती विचारू नका. निळे-केशरी तंबू भराभर जमिनीवर पडायला लागले. एक गृहस्थ आरशात स्वतःची जीभ बघत होते. कॅम्पवाला तोंडावर रुमाल धरून लांबूनच बोलला, "आंटी, आप लोग नीचे चलो. अस्पताल के बगल में लॉज है. अलग कमरा दिलवाता हूँ."

लॉज! आत्याबाईंनी साक्षीदाराच्या नजरेनं माझ्याकडं बघितलं.

"कुछ पीलिया-बिलिया नहीं!" मी गरजले. "हल्दी है, हल्दी! अब्बी धोके दिखाती!"

आणि इथं मी ते केलं, जे हळदीच्या मुलखातल्या बाईनं कधीही करू नये. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकराला माहीत असतं. पण रागात माणसाला पाळण्यातलं काय आठवणार! मी कपडे धुवायची वडी काढली आणि चौघांनाही खसाखसा घासलं. मालकांना तर मानेपर्यंत घासलं.

आम्ही लालभडक झालो.

कॅम्पवाला चार पावलं मागं सरकला आणि नंतर दिसलाच नाही. दिसले ते डॉक्टर. खालच्या दवाखान्यातून त्यांना पिवळे रुग्ण बघायला बोलावलं होतं, आणि समोर उभे लाल. ते बिचारे एकेकाची पापणी खाली ओढून बघत गेले. मग म्हणाले, "पहले पीले थे?"

"थे."

"अब लाल?"

"दिखराच न तुमकू!"

तेव्हा आत्याबाई पुढं झाल्या. कंबरेच्या पिशवीतून तंबाखूची चुनाळी काढली, तंबूच्या कापडावर बोट घासलं आणि पिवळं बोट आणि चुना डॉक्टरांच्याच तळहातावर मळला. तळहात लाल झाला. "घ्या, कुंकू! आमच्याकडं असंच करत्यात," असं मराठीतच बजावून त्यांनी त्याचा टिळा डॉक्टरांच्या कपाळावर लावला. डॉक्टर हसायला लागले ते थांबेनात. कावीळ नाही म्हणून त्यांनी तिथंच सांगून टाकलं, पण ऐकायला मैदानात कुणी उरलं नव्हतं.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. दुपारनंतर पुन्हा आभाळ भरून आलं आणि आता पावसाबरोबर बोचरा वारा. मालक उठून जीपमध्ये जाऊन बसले.

"राणीचे माय, बास झाली तकलीफ! मी लॉजवर चाललो. तू राह्य तंबूत."

"मम्मी, चल ना," राणी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "एक रात्र फक्त. काकाला कोण सांगतंय?"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू! मी तंबूत उभी राहून, लाल चेहऱ्यानं, पिवळ्या पाण्याखाली रडले. लेकरू गारठलं होतं आणि मला एक चावी सोडवत नव्हती. काय बाई आहे मी, असं मनात आलं. आणि तरीही सोडवत नव्हती.

"आत्याबाई, तुमाला दम लागंल," मी म्हटलं. "चला, जाऊ खाली. राहू द्या चावी."

आत्याबाई गोधडी गुंडाळून बसल्या होत्या. "मला दम लागला तवा जीप कुठं व्हती?"

"अंगनात."

"अन् तू?"

"तिच्याजवळ."

"मंग आता काहून चावी सोडून राहिली?" त्यांनी तंबूबाहेर मान काढली. "अरे ए! उतर खाली! चूल पेटव, भाकरी भाजते. आन् एकानं बी लॉजचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ हाय!"

मालक उतरले. आम्ही चौघं एका गोधडीत शिरलो आणि हट्टानं पिठलं-भाकरी खाल्ली. सकाळी समोरचा अख्खा डोंगर पांढरा झाला होता. आत्याबाई पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. माझ्याकडं न बघता "बरं झालं आणलंस" म्हणाल्या, आणि मला वाटेतले सगळे घाट वसूल झाले.

परत आल्यावर भाऊजी दारातच उभे होते. "लॉज?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "पायरी बी न्हाई चढली."

भाऊजींनी चावीवरचा हक्क सोडण्याआधी एकदा जीपचं दार उघडून बघितलं. ओला तंबू आम्ही मागच्या सीटवर टाकून आणला होता. सीटा, छत, स्टिअरिंग, पट्टे, सगळं पिवळं झालं होतं. त्यांना त्याच दिवशी पांढऱ्या सदऱ्यात एका साखरपुड्याला जायचं होतं. त्यांनी दार हळूच लावलं आणि मोटारसायकल काढली.

त्यानंतर चावी मागायला कुणी आलेलं नाही. हल्ली रस्त्यात मला कुणी हातही करत नाही. धुतलेले कपडे घातलेला माणूस तर माझी जीप दिसली की बांधावर चढून उभा राहतो. राहू दे. मी चावी जिंकले आहे, आणि ती माझ्याकडून घेणारा मराठवाड्यात एकही माणूस उरलेला नाही!