मावशींचा उखाणा

विमा कंपनीच्या कोल्हापूरच्या कचेरीत मी दाव्यांची पडताळणी करायचे. मुरगूडच्या एका म्हातारीच्या मोडलेल्या खुब्याच्या दाव्यावर दवाखान्याने स्मृतिभ्रंशाचाही निदान-कोड, म्हणजे आजाराचा ठरलेला क्रमांक, टाकला होता. जुना आजार लपवला म्हणून दावा फेटाळला जाणार होता. मी थेट तिच्या घरी गेले.

“मावशी, डॉक्टरांनी काय विचारलं?”

“ह्यांचं नाव. परक्या पोरासमोर कसं घ्यायचं? गप बसलो.”

“उखाण्यात घ्या की.”

तिने न अडखळता लांबलचक उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. “आता तू घे.”

मला एकही उखाणा आठवेना.

“मग इसरभोळी कोन? तू का मी?”

आनंदाने मी मिळेल त्या एसटीने दवाखाना गाठला. सगळं ऐकून डॉक्टरांनी तिच्या पुढच्या तपासणीच्या वेळी तिला पुन्हा तपासून कोड काढला. पुढे असा कोड दिसला की मी आधी विचारायचे, पेशंटला प्रश्न कोणता विचारला होता?